बर्बनच्या पिपात मुरवलेली कडक एल: वाइनची सवय असलेल्या जिभेने ती कशी चाखावी?

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांना नमस्कार.

गंगापूर रोड परिसरातील आम्ही काही जण अधूनमधून एकत्र बसून वाइन चाखतो आणि आपापली टिपणे ताडून पाहतो. गटातील दोघे द्राक्षबागायतदार आहेत, एकाने वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम केले आहे आणि उरलेले आम्ही हौशी. बिअर हा आमचा विषय कधीच नव्हता. मात्र माझा मावसभाऊ नुकताच अमेरिकेतील केंटकीहून आला आणि करमुक्त आणता येणाऱ्या दोन लिटरांच्या मर्यादेत नेमक्या बसतील अशा बेताने त्याने बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिपात मुरवलेल्या एलच्या (एल हा बिअरचाच एक प्रकार) बाटल्या आणल्या. त्यांत केंटकी बर्बन बॅरल एलच्या ३५५ मिलिलिटरच्या चार बाटल्या आहेत आणि एका लहान ब्रुअरीच्या बार्लीवाइन या आणखी कडक एलची ५०० मिलिलिटरची एक. पहिलीवर अल्कोहोलचे प्रमाण ८.२ टक्के आणि दुसरीवर १२ टक्के लिहिले आहे.

एलची एक बाटली आम्ही उघडली. रंग तांबूस, किंचितही गढूळ नसलेला, फेस थोडा आणि लगेच विरणारा. वासात व्हॅनिला आणि भाजलेले खोबरे इतके ठळक होते की गटातील दोघांनी त्यात इसेन्स मिसळले असल्याचा आरोप केला. तोंडात घेतल्यावर मात्र ती त्या वासाच्या मानाने पातळ वाटली आणि शेवटी हिरड्यांवर हलकी तुरट कड राहिली. ग्लासात उरलेली एल कोमट होत गेली तशी काकवी आणि खजुराची आठवण करून देणारी गोडसर बाजू वर आली, जी सुरुवातीला कोणालाच जाणवली नव्हती.

बार्लीवाइन उघडण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. हा व्हॅनिला खरोखर लाकडातून येतो का? ग्लास कोणता घ्यावा आणि एल किती थंड असावी? वाइनमध्ये शेरीसारखा, सुकामेव्यासारखा वास आला की आम्ही ऑक्सिडेशनचा (हवा लागल्याचा) दोष लिहून मोकळे होतो. इथेही तोच नियम लावायचा का? आणि उरलेल्या एलच्या बाटल्या पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवल्या तर त्या सुधारतील की बिघडतील?

तळघर (दिंडोरी)

इसेन्सची शंका आधी निकाली काढतो. मी वाइनरीच्या सेलरमध्ये बॅरल सांभाळतो, त्यामुळे हा आरोप माझ्या ओळखीचा आहे. ओकच्या पिपात मुरवलेली शिराझ ही रेड वाइन पहिल्यांदा पिणारे पर्यटकही हेच विचारतात.

ओकच्या लाकडातील लिग्निन उष्णतेने तुटले की त्यातून व्हॅनिलीन तयार होते आणि व्हॅनिलाच्या शेंगेतील वासाचा मुख्य घटकही तोच आहे. खोबऱ्याचा वास ओक लॅक्टोनचा असतो आणि तो अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये फ्रेंच ओकपेक्षा बराच अधिक सापडतो. लाकडातील हेमिसेल्युलोज तापले की त्यातील साखरी घटकांपासून कॅरॅमल आणि बदामाकडे झुकणारे वास तयार होतात, लवंगेचा वास युजेनॉलमुळे येतो आणि धुराची छटा ग्वायकॉलमुळे. आपल्या गटाने लिहिलेल्या वासांपैकी निदान पहिले दोन तरी सरळ पिपाच्या खात्यावर टाकता येतील.

परंतु वाइनच्या पिपावरून बर्बनच्या पिपाचा अंदाज बांधला तर फसगत होते आणि माझ्या मते आपल्या सर्व प्रश्नांचे मूळ तिथेच आहे. वाइनची बरिक, म्हणजे तिचे नेहमीचे ओकचे पीप, २२५ लिटरची असते आणि ती आतून मंद आचेवर, वेळ घेऊन भाजलेली असते. बर्बनचे पीप ५३ अमेरिकी गॅलनचे, म्हणजे सुमारे २०० लिटरचे असते आणि ते आतून अक्षरशः पेटवले जाते. ज्वाला मिनिटभरसुद्धा ठेवत नाहीत, पण तेवढ्यात आतल्या पृष्ठभागावर कोळशाचा थर बसतो आणि त्याच्यामागे लालसर भाजलेला थर तयार होतो. कोळसा काही उग्र घटक शोषून घेतो. वास आणि रंग देण्याचे मुख्य काम त्यामागचा थर करतो.

अमेरिकी नियमांनुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो, ती व्हिस्की नव्या आणि आतून जाळलेल्या ओकमध्येच ठेवावी लागते आणि पिपात भरताना तिच्यातील अल्कोहोल ६२.५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. पीप नवेच हवे या अटीमुळे एकदा बर्बन काढून घेतली की ते पीप बर्बनच्या कामातून बाद होते. मग ते स्कॉटलंडला जाते, गोवा आणि बेंगळुरूच्या सिंगल माल्ट व्हिस्कीवाल्यांकडे येते, किंवा बिअरवाल्यांकडे जाते. आपल्या दिंडोरीत तयार होणारी लाँगिट्यूड ७७ ही सिंगल माल्टसुद्धा अशाच बर्बनच्या पिपांत मुरते.

आता मुद्दा असा की, नव्या लाकडातील कडवट, तुरट टॅनिनचा मोठा वाटा त्या कडक दारूने कित्येक वर्षे लाकडात राहून आधीच ओढून घेतलेला असतो आणि त्या बदल्यात लाकडाच्या फळ्यांत स्वतःचा काही भाग मागे ठेवलेला असतो. बिअर त्या पिपात गेली की तिला मवाळ झालेले लाकूड मिळते आणि शिवाय मुरलेली व्हिस्की मिळते. वाइनमध्ये आपण ‘ओक’ लिहितो तेव्हा फक्त लाकडाबद्दल बोलत असतो. इथे त्याच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी दडतात आणि चाखणाऱ्याने त्या वेगळ्या काढायला हव्यात.

त्यासाठी बार्लीवाइन उघडाल त्या दिवशी तिच्या शेजारी दोन ग्लास ठेवा, असे सुचवतो. एकात थोडी बर्बन, तितकेच किंवा थोडे जास्त पाणी घालून. दुसऱ्यात ओकमध्ये मुरवलेली एखादी रेड, उदाहरणार्थ दिंडोरी रिझर्व्ह शिराझ. आधी हे दोन्ही हुंगा आणि मग एलकडे वळा. जे बर्बनच्या ग्लासात होते ते व्हिस्कीचे, जे शिराझमध्येही होते ते बहुतांशी लाकडाचे, आणि जे दोन्हीकडे नव्हते ते त्या एलचे स्वतःचे. ही वाटणी काटेकोर होत नाही, कारण बर्बनलाही वास त्याच लाकडाने दिलेला असतो आणि शिराझचे ओक निराळ्या जातीचे असू शकते. तरीही नाकाला एक दिशा मिळते.

निफाडकर

चर्चा वाचून एक शंका आली. आमच्या ओळखीच्या एका वाइनरीत शिराझची जुनी बॅरल पडून आहेत आणि ती लोक बागेत कुंड्या म्हणून नेतात. बर्बनचे पीप सातासमुद्रापलीकडून आणण्यापेक्षा याच पिपांत कडक एल मुरवली तर नाशिकची अशी स्वतःची काही वस्तू तयार होणार नाही का?

तळघर (दिंडोरी)

होईल, पण ती या जातीची नसेल. तीन-चार वेळा वापरलेल्या वाइनच्या पिपात देण्यासारखे लाकूड फारसे उरत नाही. उरते ती लाकडाच्या छिद्रांत शिरलेली वाइन आणि तिच्यासोबत राहणारे सूक्ष्मजीव, विशेषतः ब्रेटानोमायसिस हे यीस्ट. नेहमीच्या यीस्टने मागे ठेवलेल्या साखरा ते हळूहळू खाते, पेय कोरडे करते आणि चामड्यासारखा, कधी तबेल्यासारखा वास देते. बेल्जियन पद्धतीच्या आंबट बिअर बनवणारे हे मुद्दाम घडवून आणतात आणि त्यांचे पेय उत्तम असते. ज्या कडक एलचा जीव तिच्या उरलेल्या गोडीत आहे, तिला मात्र हा पाहुणा परवडत नाही. बागेत कुंडी होऊन पडलेले पीप तर कोणत्याच कामाचे नाही. फळ्या सुकल्या की आकसतात, गळतात आणि आत बुरशी व व्हिनेगरचे जंतू घर करतात. बर्बनचे पीप त्या बाबतीत सुदैवी असते, कारण नुकतीच साठ टक्क्यांच्या आसपासची दारू काढलेल्या लाकडात जंतूंना लगेच थारा मिळत नाही. म्हणूनच ब्रुअरीवाले पीप जितके ताजे रिकामे झालेले मिळेल तितके पसंत करतात.

लुईव्हिलवासी (मूळ गाव नाशिकरोड)

मी अनेक वर्षे केंटकीत आहे, त्यामुळे आपल्या मावसभावाने आणलेली पहिली एल माझ्या घराजवळच्या दुकानात सहज मिळते. तिच्याविषयी आपण लिहिलेले ‘वासाच्या मानाने पातळ’ हे निरीक्षण अगदी योग्य आहे आणि त्याचे कारण तिच्या जडणघडणीतच आहे. लेक्सिंग्टनच्या ब्रुअरीची ही एल २००६च्या सुमारास बाजारात आली. तिची मूळ एल इंग्लिश पेल एल आणि आयरिश रेड एल यांच्या मधली, मध्यम अंगाची आहे. ती नुकत्याच रिकाम्या झालेल्या बर्बनच्या पिपांत सुमारे सहा आठवडे ठेवतात. लाकूड आणि व्हिस्की तेवढ्या काळात वासावर पूर्ण ताबा मिळवतात, पण मुळात माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) भार बेताचा असल्यामुळे तोंडात त्या वासाला पेलणारे काही फारसे सापडत नाही. ही एल वाईट आहे असे मी म्हणणार नाही. जेवणानंतर एक लहान ग्लास मला आवडतो. मात्र या प्रकाराची परीक्षा तिच्यावरून करू नये.

बार्लीवाइनची गोष्ट वेगळी. तिला नावात वाइन असली तरी ती पूर्णपणे जवाची एल आहे, जुन्या इंग्लिश परंपरेतील सर्वांत कडक एलपैकी. तिच्यात माल्ट इतका वापरतात की आंबवून झाल्यावरही भरपूर साखर आणि दाटपणा उरतो, म्हणून ती पिपात कित्येक महिने राहूनही स्वतःची ओळख टिकवते. इंग्लंडमध्ये १९६८ साली टॉमस हार्डी या लेखकाच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षानिमित्त एल्ड्रिज पोप या ब्रुअरीने काढलेली एल अशाच वर्षानुवर्षे ठेवण्याच्या एलपैकी होती, आणि तिच्या जुन्या बाटल्यांसाठी लोक आजही धडपडतात. ती बर्बनच्या पिपातली नव्हती, पण कडक एल काळाला कशी तोंड देते हे समजण्यासाठी तिचे नाव घेतले जाते.

बर्बनच्या पिपाची ही प्रथा मात्र फार जुनी नाही. १९९०च्या दशकात शिकागोतील गूज आयलंड ब्रुअरीचे ग्रेग हॉल यांनी जिम बीम या बर्बन कंपनीचे बुकर नो यांच्याकडून रिकामी पिपे मिळवून त्यांत स्टाउट ही काळी बिअर मुरवली, आणि तिथून अमेरिकेत ही लाट पसरली. स्कॉटलंडमध्ये प्रवास उलट्या दिशेने झाला. तिथे एका व्हिस्की कंपनीला आपली पिपे एलच्या वासाने माखून हवी होती. त्यासाठी ब्रुअर डूगल शार्प यांच्याकडून एल बनवून घेतली गेली आणि काम झाल्यावर ती ओतून द्यायची असे ठरले होते. कामगारांनी ती चाखली, त्यांना ती ओतून देण्याजोगी वाटली नाही, आणि त्यातूनच २००३ साली इनिस अँड गन हा ब्रँड निघाला. मला या हकिकतीत एक गोष्ट महत्त्वाची वाटते: तिथे कोणी चव ठरवून ती बनवायला घेतली नव्हती, पिपाने ती दिली आणि मग लोकांनी ती ओळखली.

दोषांबद्दल आपण विचारले आहे, म्हणून एक सार्वजनिक उदाहरण सांगतो. गूज आयलंडच्याच २०१५ सालच्या बर्बन काउंटी बिअरपैकी काही आंबट निघाल्या आणि २०१६मध्ये कंपनीने ग्राहकांना पैसे परत दिले. दोषी ठरला तो लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिटोटॉलरन्स हा जिवाणू, आणि त्यानंतर कंपनीने या बिअर पाश्चराइज करायला सुरुवात केली. इतक्या कडक पेयात जंतू जगत नाहीत, असा जो सर्वसाधारण समज आहे तो तेव्हा चांगलाच हादरला. आपल्या बार्लीवाइनमध्ये दह्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा स्पष्ट आंबटपणा आढळला, तर त्याला जुनेपणाची खोली वगैरे म्हणत बसू नका. तो सरळ दोष आहे.

पुणेरी माल्ट

मी पुण्यात ब्रुइंगच्या क्षेत्रात आहे. पिपाची बाजू वर उत्तम मांडली गेली आहे, म्हणून मी चाखण्याबद्दल आणि साठवणीबद्दलच लिहितो.

तापमानापासून सुरुवात करू, कारण नाशिकमध्ये ‘खोलीच्या तापमानाला द्या’ हा परदेशी सल्ला एप्रिलमध्ये पाळला तर पदरी गरम दारूचा भपका येईल. कडक एल १२ ते १४ अंश सेल्सिअसला सर्वांत चांगली बोलते. फ्रीजमध्ये ती चार-पाच अंशांवर असते. त्या थंडीत माल्टचे वास झाकले जातात आणि तुरटपणा पुढे येतो, त्यामुळे आपल्याला काकवी उशिरा सापडली यात आश्चर्य नाही. आपल्या गटात कोणाकडे वाइनचा छोटा कूलर असेलच. त्यात बाटली ठेवली की प्रश्न मिटला. नसेल तर फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर राहू द्या, भर उन्हाळ्यात त्याहून कमी.

ग्लासाबाबत निश्चिंत राहा. आपला रेड वाइनचा गोल पोटाचा, तोंडाशी आकसलेला ग्लास या कामाला उत्तम आहे. तो एक तृतीयांशाहून कमी भरा. फेस कमी दिसला तर गुण वजा करू नका: लाकडी पिपात दाब टिकत नाही, त्यामुळे एल त्यातून जवळपास सपाट होऊनच निघते आणि कार्बन डायऑक्साइड तिच्यात नंतर भरला जातो, शिवाय जास्त अल्कोहोल फेस टिकू देत नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिला वास व्हिस्कीचाच येणार, कारण अल्कोहोलबरोबर तोच आधी उडतो. तेवढ्यावर टिपण लिहून पेन खाली ठेवू नका. ग्लास तळव्यात धरून दहा-पंधरा मिनिटे बाजूला गप्पा मारा आणि मग पुन्हा हुंगा. चांगल्या बार्लीवाइनमध्ये तोपर्यंत टॉफी, काकवी, खजूर, काळ्या मनुका, सुके अंजीर असे माल्टचे आणि यीस्टचे वास वर यायला हवेत. घोट घेतल्यावर गोडी आधी, मग अल्कोहोलची ऊब, आणि सर्वांत शेवटी हॉप्सची (बिअरमध्ये घालतात त्या फुलांची) कडवट कड व लाकडाची तुरटी, असा क्रम सामान्यतः लागतो. ऊब छातीत उतरली पाहिजे, घशाला चटका बसता कामा नये. अमेरिकेतील बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत लाकडात मुरवलेल्या बिअरचा ३३वा स्वतंत्र गट आहे आणि तिथेही अपेक्षा अशीच आहे की मूळ एल आणि लाकूड यांचा मेळ बसावा, एकाने दुसऱ्याला गिळू नये. मी माझ्यापुरती कसोटी याहून कठोर ठेवतो: डोळे मिटून चाखल्यावर ही कोणत्या जातीची एल होती हे सांगता आले नाही, तर ब्रुअरने पिपात एल भरण्याऐवजी व्हिस्की बाटलीत ओतली असती तरी चालले असते. बाजारातल्या पुष्कळ प्रसिद्ध बाटल्या या कसोटीला उतरत नाहीत, आणि त्यांच्यासाठी लोक रांगा लावतात हे मला कधीच उमगलेले नाही.

व्हिस्कीचा वाटा किती असू शकतो, याचा एक ढोबळ हिशेब पाहा. समजा पिपाच्या लाकडात सहा लिटर बर्बन मुरलेली आहे, तिच्यात ६० टक्के अल्कोहोल आहे आणि ती सगळी २०० लिटर एलमध्ये उतरली. एल मुळात १० टक्क्यांची असेल तर मिश्रण साडेअकरा टक्क्यांच्या जवळ पोचते. प्रत्यक्षात सगळी उतरत नाही आणि प्रत्येक पीप वेगळे निघते, म्हणून अनेक पिपांतील एल एकत्र करून चव जुळवतात. तरी लेबलवरचा आकडा केवळ यीस्टची कमाई नसते, एवढे यातून दिसते. पिण्याचा हिशेबही करून ठेवा: ५०० मिलिलिटरच्या १२ टक्क्यांच्या बाटलीत ६० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल आहे, म्हणजे आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ३० मिलिलिटरचे साडेचारांहून अधिक पेग. सहा जणांत ती वाटली तर चाखणे होईल; दोघांत संपवली तर टिपणे कोणी वाचू शकणार नाही.

ऑक्सिडेशनबद्दल आपला वाइनचा नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही. ओकमधून हवा अत्यंत मंद गतीने आत शिरते आणि दाट माल्टच्या एलमध्ये ती शेरी, मनुका, अक्रोड अशा छटा आणते. बार्लीवाइनमध्ये त्या बेताच्या असतील तर त्या गुणात धरल्या जातात. पण ओलसर पुठ्ठ्याचा, जुन्या वहीच्या पानांचा वास आला तर तो दोषच; तो ट्रान्स-२-नोनेनाल या घटकाचा असतो आणि कितीही वर्षे ठेवली तरी त्याचे काही चांगले होत नाही. सोया सॉससारखा खारट-मांसल वास म्हणजे मेलेल्या यीस्टच्या पेशी फुटल्याची खूण. थोडा असेल तर चालतो, पुढे आला की ती बाटली थकली असे समजावे.

साठवणीचे उत्तर दोन बाटल्यांसाठी दोन निराळे आहे. ८.२ टक्क्यांची मध्यम अंगाची एल ठेवू नका, येत्या काही आठवड्यांत संपवा. तिच्यातील व्हिस्कीचा ताजा वास हीच तिची मिळकत आहे, ती काळाबरोबर ओसरते आणि खाली आधार द्यायला माल्ट पुरेसा नाही. बार्लीवाइन मात्र वर्ष-दोन वर्षे ठेवता येते, किंबहुना तिची धार त्याने उतरते, फक्त ती सतत थंड आणि अंधारात हवी. नाशिकचा हिवाळा फसवा आहे. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या वाचून वाटते की आपल्याकडे नैसर्गिक तळघर आहे. पण त्याच घरातील कपाट मे महिन्यात पस्तीस अंशांवर जाते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की बिघाडाच्या रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. कूलर असेल तरच ठेवा. आणि वाइनच्या सवयीने बाटली आडवी करू नका. बुचाऐवजी पत्र्याचे झाकण असल्यामुळे ते ओले ठेवण्याची गरज नसते. उभी ठेवली की गाळ तळाशी बसतो आणि हवेशी संपर्क येणारा पृष्ठभागही कमी राहतो.

जाता जाता, हे पेय इथे तयार का होत नाही असा प्रश्न कोणी विचारण्याआधीच सांगतो: अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार आपल्याकडे बिअरमध्ये ८ टक्क्यांपर्यंतच अल्कोहोल चालते. केंटकीची ती ८.२ टक्क्यांची एलसुद्धा या रेषेच्या पलीकडे पडते, मग बार्लीवाइनचे नावच नको. आमच्यासारख्यांना पीप मिळाले तरी आकड्याच्या आत राहून खेळावे लागते.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे आम्ही बार्लीवाइन १३ अंशांवर, शेजारी पाणी घातलेली बर्बन आणि शिराझ ठेवून चाखली.

तीन ग्लासांची युक्ती अपेक्षेपेक्षा अधिक उपयोगी ठरली. खोबरे बर्बनमध्ये स्पष्ट होते आणि शिराझमध्ये जवळपास नव्हते. लवंगेची छटा मात्र तिन्हीकडे सापडली. सुके अंजीर, काकवी आणि भाजलेल्या पावाच्या कडेसारखा एक वास फक्त एलमध्ये होता, आणि तो पहिल्या दहा मिनिटांत कोणीही लिहिला नव्हता. केंटकीच्या एलपेक्षा हिच्यात व्हॅनिला कमी जाणवला, यावर सगळ्यांचे एकमत झाले. पिपात ती जास्त काळ राहिली असूनही तसे का, याचा खुलासा माल्टच्या दाटपणात असावा असे वरील उत्तरांवरून वाटते.

मतभेद शेरीच्या वासावर झाला. तो होता, आणि बेताचाच होता. तरीही आमच्यातील ज्येष्ठ बागायतदार काकांनी आपल्या टिपणात ‘ऑक्सिडाइज्ड’ असे लिहून ते खोडायला साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, द्राक्षाला जो दोष आहे तो जवाला गुण कसा ठरेल? बाकीच्यांनी तो वास पसंत केला. आंबटपणा किंवा पुठ्ठ्याचा वास कोणालाही आढळला नाही.

दोन बारीक प्रश्न उरले आहेत. अशा एलसोबत खायला काय ठेवावे? आम्ही सवयीने चिवडा ठेवला होता आणि तो अजिबात जमला नाही. आणि मोठी बाटली एका बैठकीत संपली नाही, तर उरलेली दुसऱ्या दिवशी चालते का?

पुणेरी माल्ट

काकांना माझा नमस्कार सांगा. वाइनच्या बाबतीत ते बरोबरच आहेत. जवाच्या बाबतीत फरक पडतो तो माल्ट भाजताना तयार झालेल्या घटकांमुळे आणि उरलेल्या गोडीमुळे, जे त्या शेरीच्या वासाला जागा करून देतात. कमी माल्टच्या, फिकट एलमध्ये हाच वास आला असता तर मीही दोष लिहिला असता.

चिवडा न जमण्याचे कारण तिखट आहे. मिरचीची आग आणि अल्कोहोलची ऊब एकमेकींना वाढवतात, आणि मग जिभेला एलचे काही कळेनासे होते. तिखट, तळणीचे आणि फार आंबट पदार्थ दूर ठेवा. निळी बुरशी असलेले खारट चीज हा इंग्लिश रिवाज आहे आणि तो योग्यच आहे, पण आपल्याकडे गुळाची पोळी आणि तूप हा त्याहून सोपा पर्याय आहे: तीळ आणि खरपूस कणीक माल्टला धरून राहतात आणि तूप तुरटी झाकते. शेंगदाण्याची किंवा सुकामेव्याची चिक्कीही चांगली लागते. पोळी फार गोड केली तर मात्र एल तिच्यापुढे कडू वाटेल, म्हणून गूळ बेताचा ठेवावा.

उरलेली एल झाकण घट्ट बसवून, उभी, फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच १३ अंशांवर आणून प्यावी. वायू बराचसा निघून गेलेला असेल, पण या प्रकारात त्याचे फारसे बिघडत नाही आणि व्हिस्कीचा भडकपणाही थोडा उतरलेला असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. बाटलीत अगदीच थोडी उरली असेल तर ती लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहील. आपल्या वाइनच्या गटाला ही युक्ती नवी नसावी.